टोपड्याचा हिशोब

बाळंतविड्याची तयारी सुरू झाली की मराठी घरात कुणीतरी लोकर-सुया काढतंच. टोपडं, स्वेटर, पायमोजे, वेळ मिळाला तर दुपटंही. विदर्भाचा उन्हाळा सगळ्यांना ठाऊक असतो, थंडी तेवढी कुणाच्या लक्षात येत नाही. नागपूरचा पारा 2018 च्या डिसेंबरात 3.5 अंशांपर्यंत उतरला होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यात, आमच्या फुलसावंगीतही कापसाच्या दिवसांत पहाटेचं दव असं पडतं की तान्ह्या बाळाचं डोकं झाकल्याशिवाय त्याला अंगणात आणता येत नाही. गावात विणणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. एखादी वीण बघून दुसरी काढणाऱ्या, स्वतःच्या डोक्याने नवा नमुना बसवणाऱ्याही आहेत. पण तो नमुना कागदावर नीट उतरवून, दुसरीला एकटीला बसून विणता येईल असा करून देणारी क्वचित भेटते. हे काम वेगळं आहे, अवघड आहे, आणि ते घर सांभाळूनच करावं लागतं. त्याची रीत इथे सांगायची आहे.

आपल्याकडे नमुना तोंडी चालतो. एक जण विणते, दुसरी शेजारी बसून बघते. ‘इथून मुंढा धर’, ‘आता गळ्याचे टाके बंद कर’, ‘पुढे तसंच’ एवढ्या बोलण्यावर स्वेटर पुरा होतो. बघून शिकण्याला तोड नाही, हात त्यानेच तयार होतो. पण शिकवणारी समोर नसली की ‘पुढे तसंच’ला काही अर्थ उरत नाही. लग्न होऊन दूर गेलेली मुलगी फोनवर विचारते, “आई, मुंढ्याला किती टाके कमी केले होतेस गं?” आणि आईला सांगता येत नाही, कारण तिने ते आकड्यात कधी मोजलेलेच नसतात. अशा किती विणी त्या त्या बाईबरोबर संपल्या असतील!

जगातही लिहिलेला नमुना तसा उशिराच आला. मोज्यांची छापील कृती सापडते ती लंडनमध्ये 1655 साली निघालेल्या ‘नातुरा एक्सेंतेराता’ या पुस्तकात. औषधं आणि घरगुती उपायांच्या त्या पुस्तकातली ती कृती म्हणजे सलग गद्य. ना खुणा, ना ओळींचे आकडे. एडिंबरामध्ये नवऱ्याबरोबर लोकर आणि भरतकामाच्या सामानाचं दुकान चालवणाऱ्या जेन गॉगेन यांनी 1840 मध्ये आपलं पुस्तक काढलं, तेव्हा त्यांनी प्रत्येक टाक्याला छोटी खूण ठरवली. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना रोज तेच तेच समजावून सांगणाऱ्या बाईलाच हे सुचू शकतं. पुढे अमेरिकेत बार्बरा वॉकर यांनी 1968 पासून विणींचे मोठे संग्रह प्रसिद्ध केले. शेकडो विणी एका शिस्तीत, एकाच भाषेत मांडल्यामुळे पुढच्या पिढीला नमुना रचताना हाताशी कोशच मिळाला.

मराठीत हेच काम स्वयंपाकात झालं ते आपण बघितलं आहे. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने 1970 मध्ये अंदाजाने सांगितल्या जाणाऱ्या पदार्थाला वाटी-चमच्याचं माप दिलं आणि आईपासून लांब संसार थाटलेल्या मुलींची पंचाईत संपली. विणकामातही प्रतिभा काळे यांच्यासारख्या लेखिकांनी मराठीत पुस्तकं लिहिली. हिवाळ्याच्या तोंडावर बायकांच्या मासिकांतून नमुने येत, आणि ती पानं कापून वहीत चिकटवलेली अजून पुष्कळ घरांत सापडतील. तरीसुद्धा पाककृतीला मराठीत जेवढी जागा मिळाली तेवढी विणीला मिळाली नाही. आमच्या भागात हातात येतात त्या बहुतेक हिंदी पुस्तिका नाहीतर मोबाइलवरचे व्हिडिओ. व्हिडिओत हात दिसतात, पण टाक्यांचा हिशोब कळत नाही.

तो हिशोब सुरू होतो विणीच्या घट्टपणापासून. दहा सेंटिमीटर रुंदीत किती टाके बसतात आणि तेवढ्याच उंचीत किती ओळी, ही नोंद नमुन्याच्या कागदावर सगळ्यात वर हवी. इंग्रजी पुस्तकांत याला टेन्शन किंवा गेज म्हणतात. समजा माझ्या हाताने 10 सेंमीत 22 टाके बसतात आणि मी मोठ्या माणसाच्या स्वेटरला घेराचे 200 टाके धरले. घेर आला साधारण 91 सेंमी. तीच लोकर, त्याच सुया घेऊन शेजारणीने विणलं, पण तिचा हात घट्ट, तिचे 10 सेंमीत 24 टाके बसतात. तोच 200 टाक्यांचा स्वेटर तिच्या हातून 83 सेंमीचा होईल. जवळजवळ तीन इंच गेले! चूक तिची नाही आणि माझीही नाही, फक्त घट्टपणाची नोंद कागदावर नव्हती. म्हणून आधी तीसेक टाक्यांचा चौकोनी तुकडा विणायचा, धुवायचा, सपाट वाळवायचा आणि मधोमध पट्टी ठेवून मोजायचा. कडेचे टाके मोजायचे नाहीत, ते नेहमी एकतर ओढलेले असतात नाहीतर सैल. आणि धुण्याआधी मोजण्यात अर्थ नाही, कारण पाण्यातून निघाल्यावरच वीण आपल्या खऱ्या मापावर येते.

आता एक टोपडंच उलगडून बघू. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 35 सेंमी असतो, तीन महिन्यांत तो 40 च्या आसपास जातो आणि वर्षाचं होईतो 46 पर्यंत. वीण ताणली जाते, म्हणून टोपडं डोक्यापेक्षा दहावा हिस्सा लहान ठेवायचं, म्हणजे ते बसतंही आणि निसटतही नाही. तर नवजाताला हवं साडेएकतीस सेंमीचं. 8 नंबरच्या सुयांवर 10 सेंमीला 22 टाके बसत असतील तर टाके आले 69. पण माथ्याला टाके कमी करायचे आहेत ते सात पाकळ्यांत, म्हणजे संख्येला सातने भाग जायला हवा. म्हणून 70. तीन महिन्यांच्या बाळाला 36 सेंमी, म्हणजे 79 टाके. सातच्या पाढ्यातले जवळचे आकडे 77 आणि 84, त्यातला 77 घ्यायचा, ताणाला जागा आहे. वर्षाच्या बाळाला 41.4 सेंमी, त्याचे बरोब्बर 91, म्हणजे तेरा सत्ते एक्क्याण्णव, सातने पूर्ण भाग जाणारे. दोन सुयांवर विणून शेवटी शिवायचं असल्यामुळे शिवणीसाठी दोन्ही कडांना एकेक टाका जास्त धरला की तीन मापं तयार होतात: 72, 79 आणि 93. कागदावर ती अशी लिहायची: 72 (79, 93) टाके घाला.

लगेच पहिली अडचण येते. खालची पट्टी एक सुलट एक उलट अशी घालायची आहे. 72 हा सम आकडा, त्यामुळे प्रत्येक ओळ ‘1 सुलट, 1 उलट’ म्हणूनच सुरू होते आणि काही विचार करावा लागत नाही. 79 आणि 93 विषम. तिथे एक ओळ सुलटने सुरू होऊन सुलटने संपते आणि परतीची ओळ उलटने सुरू करावी लागते. अनुभवी बाई सुईवरचा टाका बघून हे आपोआप करते. पहिल्यांदा विणणारी मात्र ‘प्रत्येक ओळ 1 सुलट, 1 उलट’ हे वाचून तसंच विणत जाईल आणि पट्टीच्या जागी खडबडीत वेगळीच वीण तयार होईल. नमुना लिहिणारीला असल्या जागा आधी दिसायला हव्यात.

माथ्याची पहिली ओळ 72 टाक्यांवर अशी येते: 1 सुलट, *8 सुलट, 2 टाके एकत्र सुलट*, ताऱ्यांमधला भाग एकूण 7 वेळा, शेवटी 1 सुलट. सुईवर राहिले 65 टाके. परतीची ओळ सगळी उलट. पुढच्या सुलट ओळीत ‘8 सुलट’च्या जागी 7, मग 6, असं उतरत जायचं. प्रत्येक वेळी सात टाके घटतात: 58, 51, 44, 37, 30, 23, 16. 16 टाक्यांवर दोन-दोन एकत्र विणले की कडेचे दोन धरून 9 उरतात, त्यांतून धागा ओवून ओढला की माथा मिटतो. आता मोठ्या मापांकडे बघा. 93 मधून सात गेले की 86, आणखी सात गेले की 79, आणि 79 मधून सात गेले की 72. तिन्ही मापं एकाच जिन्यावर उभी आहेत! माथा एकदाच लिहायचा आणि सांगायचं की तुमच्या मापाच्या पायरीपासून सुरुवात करा. तीन मापांसाठी तीन वेगळ्या कृती लिहिण्यात गेलेलं एक पान वाचलं, आणि चुका व्हायच्या जागाही तेवढ्या कमी झाल्या. नमुना रचण्याचं सुख मला अशा ठिकाणी मिळतं. वीण तर सुंदर असतेच, पण आकडे एकमेकांत असे बसले की तो नमुना कुणालाही सोपा जाणार हे कळून चुकतं.

प्रत्येक ओळीनंतर उरलेले टाके लिहायचेच. विणणारी वाचता वाचता उठून जाते, बाळ रडतं, दूध उतू जातं, दारात कुणी येतं. परत बसल्यावर तिला फक्त सुईवरचे टाके मोजून आपण कुठे आहोत ते कळलं पाहिजे. घरकामाच्या मधे विणलं जाणार आहे हे गृहीत धरून जो नमुना लिहिलेला असतो तोच पुरा होतो. शांत खोलीत, सलग तीन तास मिळणाऱ्या बाईसाठी लिहिलेला नमुना आमच्या गावात अर्ध्यावर पेटीत जातो.

मोठं माप लहान मापावरून काढताना सगळीकडे सारखीच वाढ देऊन चालत नाही. वर्षाचं मूल साधारण 75 सेंमी उंच असतं आणि चार वर्षांचं 103 च्या आसपास. एवढ्या काळात छाती मात्र थोड्या सेंटिमीटरनेच वाढते. स्वेटर चार वर्षांच्या मापाचा करताना रुंदी थोडी आणि लांबी पुष्कळ वाढवायची, बाहीला तर त्याहून जास्त लक्ष द्यायचं. सगळं एका प्रमाणात फुगवलं की तो स्वेटर कुणालाच नीट येत नाही.

सुयांच्या नंबराचंही सांगायला हवं. आपल्या बाजारात अजून जुने ब्रिटिश नंबर चालतात. 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, 9 म्हणजे 3.75, 10 म्हणजे 3.25. नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकेत उलटं, तिथली 10 नंबरची सुई 6 मिलिमीटर जाडीची असते. परदेशी नमुना बघून कुणी आपल्या 10 नंबरवर विणायला घेतलं तर काय होईल ते उघड आहे. म्हणून आपल्या नमुन्यात नंबराबरोबर मिलिमीटर लिहावेत. लोकरीच्या वेष्टनावरचा लॉट नंबर जपून ठेवावा आणि विणणाऱ्या बाईलाही सांगावं की सगळे गुंडे एकाच लॉटचे घ्या, नाहीतर एकाच रंगाच्या दोन छटा स्वेटरवर शेजारी शेजारी दिसतील. आम्हाला लोकर घ्यायला पुसद गाठावं लागतं, कमी पडलेला एक गुंडा परत आणायला गेलं की तो लॉट संपलेला असतो. किती लोकर लागते ते सांगण्याची सोपी रीत म्हणजे विणण्याआधी आणि नंतर गुंड्यांचं वजन करून फरक लिहिणं.

आणि ‘लोकर’ म्हणून आपण जे विकत घेतो ते पुष्कळदा ॲक्रिलिक असतं. त्यात कमीपणा नाही. स्वस्त पडतं, रोज धुता येतं, रंग टिकतो. पण त्यावर कडक इस्त्री फिरली की वीण कायमची लोळागोळा होते, ही सूचना नमुन्याच्या शेवटी हवीच. खऱ्या लोकरीचा तंतू नैसर्गिक कुरळा असतो, तो आपल्या लांबीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा ताणला तरी परत जागेवर येतो. म्हणून लोकरीच्या पट्टीला मनगट धरून ठेवता येतं. कापसाच्या तंतूत ही ताणाची शक्ती फार थोडी. सुती धाग्याचा मोठा स्वेटर स्वतःच्या वजनानेच खाली ओघळतो आणि पट्टी सैल होते. यवतमाळ हा कापसाचा जिल्हा, सुती धाग्यात काही करावंसं वाटणं अगदी साहजिक आहे. तसं करायचं तर नमुनाच कापसासाठी रचावा लागतो: टोपड्याला ताणावर विसंबण्याऐवजी नाडी द्यावी, पट्टी एक सुई बारीक घेऊन विणावी, कपडा लहान आणि हलका ठेवावा. लोकरीचा नमुना जसाच्या तसा सुती धाग्यात विणा असं सांगणं म्हणजे विणणारीची फसवणूक आहे.

आपल्या भोवतालचं काही विणीत आणावं असं कुणालाही वाटतं. फुटलेलं कापसाचं बोंड ही आमच्याकडची सगळ्यात ओळखीची आकृती. ती चौकटीच्या वहीत काढून बघा. 20 चौकटी रुंद, 20 चौकटी उंच, कागदावर छान गोल दिसतं. विणल्यावर तेच बोंड वरून दाबल्यासारखं बसकं होतं. कारण विणीतला टाका चौरस नसतोच, तो रुंद जास्त आणि उंच कमी. 10 सेंमीत 22 टाके आणि 30 ओळी असतील तर 20 टाके भरतात 9.1 सेंमी आणि 20 ओळी भरतात जेमतेम 6.7 सेंमी. गोल हवं असेल तर उंचीला 27 ओळी घ्याव्या लागतात, म्हणजे वहीत काढलेलं बोंड उभट दिसायला हवं. हे एकदा कळलं की गणपती असो, तुळशीवृंदावन असो, कोणतीही आकृती विणीत बसवता येते. आमच्या आसपासच्या तांड्यांवर बंजारा बायकांच्या फेटिया-कांचळीवर जे भरतकाम असतं त्यातल्या भौमितिक आकृत्या तर विणीच्या चौकटीत फार सुरेख उतरतील. तिथून काही घेतलं तर ते कुठून, कुणाकडून घेतलं ते नमुन्यावर लिहावं. ती कला त्यांची आहे.

लिहून झालं की परीक्षा. नमुना अशा बाईला द्यायचा जिने तुम्हाला तो विणताना पाहिलेलं नाही, आणि ती विणत असताना शेजारी बसून गप्प राहायचं. हे फार जड जातं. शेजारच्या वहिनी ओसरीवर विणायला बसतात, चौथ्या ओळीवर थबकतात, कागदाकडे बघतात, परत सुईकडे बघतात. आपल्या ओठांवर उत्तर आलेलं असतं. ते सांगायचं नाही, फक्त कागदावर त्या ओळीपुढे खूण करायची. जिथे त्या थबकल्या तिथे वाक्य बदलायचं. ‘शेवटपर्यंत असंच’ लिहिलं असेल तर कुठल्या ओळीपासून कुठल्या ओळीपर्यंत ते लिहायचं. तीन मापं असतील तर तीन वेगळ्या हातांनी ती विणून घ्यावीत. परदेशात हे काम पैसे घेऊन करणारे तपासनीस असतात; आपल्याकडे जाऊ, नणंद, मैत्रीण असते. तिचं नाव नमुन्यावर ‘तपासणी’ म्हणून छापावं आणि लोकर आपण द्यावी, एवढी रीत तरी सगळ्यांनी पाळावी.

हे सगळं कधी करायचं? कापसाच्या गावात बायकांना सगळ्यात कमी वेळ मिळतो तो नेमका हिवाळ्यात. दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली की दिवस शेतातच जातो. डिसेंबरात नमुना प्रसिद्ध केला तर तो विणून होईतो थंडी संपलेली असते. म्हणून हिवाळ्याचे नमुने पोळा-गणपतीच्या सुमाराला लोकांच्या हातात पडायला हवेत. मासिकांनाही हे गणित कायम करावं लागलं आहे. मग रचायचे कधी? उन्हाळ्यात. मे महिन्यात दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही तेव्हा घरात वेळ असतो, पण घामेजल्या हाताला ॲक्रिलिकची लोकर चिकटते, ओढली जाते. त्या दिवसांत मी हिशोब मांडते, आलेख काढते आणि सुती धाग्यावर छोटे तुकडे विणून बघते. लोकरीचे तुकडे पाऊस पडून हवा निवल्यावर.

दिवसाचीही अशीच वाटणी असते. साधी सुलट-उलट वीण कुठेही, कशीही होते: शेंगा सोलायला बसलेल्या सासूबाईंशी बोलताना, बसथांब्यावर, मुलांचा अभ्यास घेताना. जाळीची वीण तशी होत नाही, तिला मोजणी लागते. आणि आकडेमोड तर अर्धवट लक्षाने करूच नये. ती घर झोपल्यावर किंवा घर जागं व्हायच्या आधी करावी. विणता विणता केलेला प्रत्येक बदल त्याच वेळी वहीत लिहावा, ‘नंतर लिहू’ म्हटलेला बदल परत आठवत नाही. थांबायचं तर सुलट ओळ संपवूनच थांबावं, म्हणजे परत हातात घेतल्यावर कुठली ओळ चालू होती याचा घोळ होत नाही. फोटो सकाळच्या कोवळ्या उजेडात, अंगणात, पांढऱ्या कापडावर काढावेत, दिव्याखाली काढलेल्या फोटोत लोकरीचा रंग बदलतो.

घरातून हे काम उभं करता येतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणून मी एलिझाबेथ झिमरमन यांचं नाव घेईन. इंग्लंडमध्ये 1910 साली जन्मलेल्या या बाई लग्नानंतर अमेरिकेत गेल्या, तीन मुलं वाढवता वाढवता नमुने रचू लागल्या. 1955 मध्ये एका मोठ्या मासिकाने त्यांचा रंगीत गळपट्ट्याचा स्वेटर छापला, पण तो गोल सुईवर बिनशिवणीचा विणलेला असताना संपादकांनी कृती बदलून सपाट तुकड्यांची करून टाकली. आपल्या नमुन्याची अशी मोडतोड व्हायला नको म्हणून त्यांनी 1958 पासून स्वतःचं छोटं वार्तापत्र काढलं, पुढच्याच वर्षी स्वतःची प्रकाशनसंस्था सुरू केली. नंतरची कित्येक वर्षं विस्कॉन्सिनमधल्या एका जुन्या शाळेच्या इमारतीत त्यांचं घर आणि काम एकत्रच चाललं. पुस्तकं आली, दूरदर्शनवरची मालिका आली, आणि 1999 मध्ये त्या गेल्यानंतरही मुलीने काम पुढे चालू ठेवलं. स्वेटरच्या घेराचे टाके शंभर टक्के धरून बाकी सगळं त्याच्या टक्क्यांत काढण्याची त्यांची रीत प्रसिद्ध आहे: मनगटाला 20 टक्के, दंडाला साधारण 33 ते 35, गळ्याला 40. घेर 200 टाक्यांचा असेल तर मनगट 40, दंड 66 ते 70 आणि गळा 80. कुठल्याही जाडीची लोकर, कुठलाही हात, हिशोब लागू पडतो. ज्या बाईला छापील माप मिळत नाही तिच्यासाठी ही रीत म्हणजे मोठा आधार आहे, आणि ती मराठीत पाठ करायला दोन ओळी पुरतात.

आता प्रसिद्ध करण्याबद्दल. 2007 मध्ये अमेरिकेतल्या एका जोडप्याने सुरू केलेल्या रॅव्हलरीवर जगभरच्या विणकर बाया आपला नमुना फाइल करून ठेवतात आणि त्याची किंमत स्वतः ठरवतात. तिथे इंग्रजीत नमुना लिहिता आला तर गिऱ्हाईक जगात कुठलंही मिळू शकतं. मराठी गिऱ्हाइकासाठी इतकं काही लागत नाही. चार पानांची नीट टाइप केलेली फाइल, स्वच्छ फोटो, आणि पैसे घ्यायला यूपीआय. पन्नास रुपयांचा नमुना विकायला आज दुकान लागत नाही. परदेशातून पैसे यायचे असतील तर पेपॅल आहे. देशातल्या देशात मात्र त्यांनी 2021 च्या एप्रिलपासून ही सेवा बंद केली आहे. बरेच नमुने साठले आणि पुस्तक काढावंसं वाटलं तर भारतात आयएसबीएन क्रमांक सरकारकडून विनाशुल्क मिळतो, व्यक्तीलाही.

हक्काची बाजू समजून घ्यावी. जाळी, वेणी, एक सुलट एक उलट या विणी कुणाच्या मालकीच्या नाहीत, त्या सगळ्यांच्या आहेत. पण तुम्ही लिहिलेली कृती, काढलेला आलेख, घेतलेला फोटो यांवर 1957 च्या कॉपीराइट कायद्याने तुमचा हक्क लिहिल्या क्षणापासून असतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. हा हक्क लेखिकेच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं चालतो. नमुन्याच्या पानावर नाव, गाव आणि साल घातलं की निदान वाचणारीला तो कुणाचा हे कळतं. उलट आपण कुणाचा नमुना बघून थोडा बदलला असेल तर तो नवा म्हणून विकू नये.

लिहिलेल्या मापाची ताकद किती असते ते चेन्नईत दिसलं. ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाने 31 जानेवारी 2016 ला क्रोशाचं 11,148.5 चौरस मीटरचं पांघरूण मांडून गिनीज विक्रम केला. देशभरातल्या बायकांनी आपापल्या घरी विणलेले चौकोन एकत्र जोडले गेले. माप आधी ठरवून सगळ्यांना सांगितलेलं होतं, म्हणूनच एकमेकींना कधी न भेटलेल्या हातांचं काम एकत्र जुळलं.

मराठी मासिकांच्या आणि दिवाळी अंकांच्या संपादकांना एक विनंती आहे. पाककृतीला देता तशी दोन पानं विणीच्या नमुन्याला द्या, तपासून छापा, मानधन द्या आणि रचणारीचं नाव ठळक घाला. आणि विणणाऱ्या मैत्रिणींना एवढंच सांगणं, की एखादीचा नमुना आवडला तर फाइल पुढे पाठवू नका; रचणारीचा नंबर पाठवा, आणि तो नमुना तिच्याकडूनच विकत घ्यायला सांगा.